मासा न लागणारी काठी

“मासा किती किलोचा धरायचाय?” सुरैयामावशींनी विचारलं.

“एकही नाही,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला नीट न्याहाळलं. कुरटे बंदराच्या तोंडाशी त्यांचं आठ बाय दहाचं दुकान होतं. छताला काठ्या टांगलेल्या, भिंतीला रिळं, आणि बरण्यांतून गळ. लवंगेएवढ्या गळापासून थेट खाटकाच्या आकड्याएवढ्या गळापर्यंत. नवरा गेल्यापासून एकवीस वर्षं दुकान त्या एकट्या चालवत होत्या. असलं गिऱ्हाईक मात्र त्यांच्या पायरीला पहिल्यांदाच लागलं होतं.

“मग काठी कशाला, बाय? पडदा लावायचाय?”

“सासऱ्यांना द्यायचीय. पुढच्या आठवड्यात एकसष्टी आहे त्यांची. पण काठी अशी हवी की तिला मासा लागता कामा नये.”

“सासऱ्याशी भांडण झालंय?”

“छे हो. फार चांगले आहेत.”

“म्हणजे झालंय,” मावशी म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. “बोल.”

मी पर्समधून कागद काढला. इंटरनेट कॅफेत बसून मी तो छापून आणला होता. ‘आपल्या गरजेनुसार फिशिंग रॉड कसा निवडावा’ या विषयावर कुणीतरी परदेशी गृहस्थाने चार पानं लिहिली होती आणि मी त्यावर हिरव्या पेनने खुणा केल्या होत्या. पहिलंच वाक्य होतं की आधी आपली गरज ओळखा. माझी गरज मला पक्की ठाऊक होती. माझी गरज साडेचार वर्षांची होती, तिचं नाव जुई होतं, आणि ती रोज चार वाजता माझ्या सासऱ्यांचं बोट धरून जेटीवर जात होती.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मूळची फलटणची. पाणी नळातून येतं आणि बादलीत मावतं, एवढाच माझा आणि पाण्याचा परिचय. लग्न करून आले ती खाडीकाठी, आणि नवरा कोण, तर जहाजावरचा इंजिनिअर. वर्षातले आठ महिने तो पाण्यावर आणि बाराही महिने मी काळजीत. मी एम.एस्सी. झाले स्टॅटिस्टिक्समध्ये, त्यामुळे माझी काळजी साधीसुधी नव्हती, तिला तक्ते होते. भात उकळताना बुडबुडे दिसले तरी मी गॅस बंद करायचे.

त्या जूनपासून मी तालुक्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले होते. दुपारी बारा ते साडेचार. तेवढा वेळ जुईला सांभाळणारं माणूस घरात एकच होतं, भाई. माझे सासरे. सख्खा मुलगा, सून, टपाल टाकायला येणारे, सगळे त्यांना भाईच म्हणायचे. भाई पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. भरती असो, ओहोटी असो, ते ठोक्याला चार वाजता गळ घेऊन गरवायला निघायचे. इतर लोक माशांच्या वेळेला जातात. भाईंचं म्हणणं असं की माशांनी पोस्टाची वेळ पाळावी. दिवाळीनंतर त्यांनी जुईलाही न्यायला सुरुवात केली.

“नेऊ नका” असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं, तर भाई शांतपणे म्हणाले असते, “बरं, मग तू बघ तिला.” की संपली माझी नोकरी. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “भाई असताना कसली चिंता?” आणि मागे कसलीतरी मोटर घरघरली. म्हणून मी शास्त्रीय मार्ग काढला. पोरीला जेटीची ओढ कशामुळे लागलीय? मासे मिळतात म्हणून. भाईंना रोज पाच-सहा बोय मिळायचे. साडेपाचच्या सुमारास दोघं घरी यायची, पिशवी नाचवत. “आई, हा मी धरला! ह्याला माझा राग आला!” मासेच मिळाले नाहीत, तर दोघं आठवड्याभरात कंटाळतील आणि घरी बसून सापशिडी खेळतील. हिशेब चोख होता.

अडचण एकच. भाईंची कळकाची जुनी काठी. साधा बांबू, त्याला तंगुसाचा दोरा, त्याला गळ. तिला हमखास मासा लागायचा. ती काठी एक दिवस मोडली. मोडली म्हणजे मीच मोडली. गॅसचा सिलिंडर सरकवताना तो काठीवर येईल असा सरकवला, आणि एकदा नव्हे, दोनदा. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय, कारण भाईंना आता चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसत नाही.

सुरैयामावशींनी हे सगळं (सिलिंडर सोडून) ऐकून घेतलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू कारागिराला अवघड काम मिळाल्याचा आनंद पसरला.

“तीन गोष्टी सांग. बसणार कुठे?”

“जुन्या जेटीवर.”

“तिथे काय मिळतं?”

“बोय.”

“धरणार कोण?”

“एकसष्ट वर्षांचे गृहस्थ आणि साडेचार वर्षांची मुलगी.”

“मग बघ. बोय म्हणजे लबाड. तोंड एवढंसं. कोळंबी चाखतो, लगेच गिळत नाही. काठीचा शेंडा मऊ असला की त्याने नुसतं नाक लावलं तरी हाताला कळतं. शेंडा कडक असला तर कोळंबी खाऊन ढेकर देऊन जातो, वर माणसाला पत्ता नाही.”

“मला सगळ्यात कडक द्या.”

मावशींनी स्टूल लावून कोपऱ्यातली काळी, बारा फुटी काठी खाली काढली. तिच्यावर धूळ होती. शहरातल्या कुणा डॉक्टरांनी मोठ्या तांबोशी माशासाठी मागवली होती आणि न्यायला ते आलेच नव्हते. बुंधा माझ्या मनगटाएवढा जाड.

“हिच्यावर बोय लागला, तर मी दुकान बंद करून हजला जाईन,” मावशी म्हणाल्या.

“तंगूस?”

“सगळ्यात जाड देते. बोयला दिसेल, तो शरमून पळेल.”

“आणि गळ?”

त्यांनी शेवटच्या बरणीतला गळ काढला. तो बोयच्या तोंडात जाणं म्हणजे माझ्या तोंडात छत्री जाणं. मी खूश झाले. किंमत ऐकल्यावर जरा कमी खूश झाले, कारण माझं अर्ध्या महिन्याचं मानधन त्या काठीत गेलं. पण मुलीच्या जिवापुढे पैसा काय, असं मनाशी म्हणून मी पाकीट उघडलं.

“बाय,” मावशी काठी कागदात गुंडाळताना म्हणाल्या, “एकवीस वर्षांत मी इतकं चुकीचं सामान इतकं विचार करून कुणाला दिलं नव्हतं. परत करायला आणू नकोस.”

एकसष्टीला भाईंना एकसष्ट दिव्यांनी ओवाळलं, आणि पाटावरून उठायच्या आत मी काठी त्यांच्या मांडीवर ठेवली. कागद फाडताना जुई त्यांच्या खांद्यावर चढून बसली होती.

“ही तर तोफच की गो,” भाई म्हणाले.

“आवडली?”

“कितीला?”

“भेटीची किंमत विचारतात का, भाई?”

“मी विचारतो.”

मी सांगितली. भाईंनी काठी दोन्ही तळव्यांवर तोलली, खालीवर केली. मला वाटलं, सून किती खर्च करते बघा, असं काहीतरी म्हणतील. ते एवढंच म्हणाले, “महाग काठी.”

“आजोबा, ही आपली?” जुईने विचारलं.

“आपली. तुझ्या आईने दिलीय म्हटल्यावर न्यायलाच हवी.”

पहिल्या दिवशी मी कॉलेजातून पावणेसहाला घरी आले, तर दाराला कुलूप. मी ओट्यावर बसून राहिले. सहा दहाला दोघं आली. पिशवी रिकामी. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

“मिळालं काही?”

“नाही.”

“अरेरे.”

“आई, लागणारच होता!” जुई म्हणाली. तिचे डोळे दिव्यासारखे. “एवढ्ढा मोठा! आम्ही त्याला बघितला नाही पण तो होता!”

दुसऱ्या दिवशी सहा चाळीस. तिसऱ्या दिवशी सात वाजले, अंधार पडला, मी बॅटरी घेऊन निघणार एवढ्यात गेट वाजलं. मी वहीत वेळा लिहीत होते. तक्ता चढत चालला होता आणि माझा जीव उतरत.

“भाई, मासे मिळत नाहीत, तर इतका वेळ तिथे करता काय?”

“मिळत नाहीत म्हणून तर,” भाई पाय धुताधुता म्हणाले. “मासा मिळाला की माणूस घरी येतो, केतकी. मिळाला नाही तर घरी येऊन करणार काय?”

मी न्हाणीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी राहिले. हे कुठल्याच पानावर नव्हतं. परदेशी गृहस्थांनी चार पानं लिहिली, त्यात हे नव्हतं. सुरैयामावशींनी सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक नसणं शक्यच नव्हतं, पण गिऱ्हाईक विचारेल तेवढंच सांगायचं, असा त्यांचा धंदा. आणि मी, संभाव्यता शिकवणारी बाई, मला एवढंही सुचू नये की लॉटरी न लागणारा माणूसच रोज तिकीट काढतो!

त्यात आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती पहिल्या सगळ्यांहून वाईट होती. जुईच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. म्हणजे तिच्या हातातून टॉवेल घ्यायला गेलं, जरा ओढला, की ती पटकन सोडून द्यायची. कंगवा, ओढला की सोडला. दुधाचा पेला मी घेतला, तर तिने माझी पकड बसायच्या आतच सोडला, आणि दूध सगळं जमिनीवर. वर माझ्याकडे बघून हसायची, जशी काही शाबासकी हवीय. मला वाटलं, हाताची पकड गेली. मी तिला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तिच्या हातात पेन दिलं, बोट दिलं, हातोडी दिली. हातोडी त्यांनी न ओढता नुसती मागितली, तर ती काही केल्या परत देईना.

“मुलगी ठणठणीत आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही झोप नीट घेता का?”

शुक्रवारी दोघं सव्वासातला आली. मी शनिवारी सकाळी राजीनामा लिहिला. एका ओळीचा, कौटुंबिक कारणास्तव. लिहिताना वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. अकरावीची पोरं मख्ख होती, स्टाफरूममध्ये पंखा नव्हता, पण दिवसातले साडेचार तास मला लोक मॅडम म्हणायचे. कागद पर्समध्ये टाकला. प्राचार्यांच्या दारापर्यंत गेले, ते बाहेरगावी होते. शनिवार, अर्धा दिवस. ठरवलं की आधी जेटीवर जाऊन भाईंना सांगू, सोमवारपासून मीच बघेन जुईला, आणि सोमवारी कागद देऊन टाकू.

साडेचारला मी बंदर फाट्यावर एसटीतून उतरले. सरळ जेटीवर जायचं होतं, पण गेले ती बर्फाच्या क्रेटची चळत होती तिच्या मागे. सांगायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघू, म्हणजे सांगताना मुद्दे हाताशी राहतील.

जुनी जेटी म्हणजे दगडी धक्का, कडेला उतरत्या पायऱ्या, त्यांच्यावर शेवाळ. ओहोटी लागली होती. दोन खलाशी जाळं दुरुस्त करत बसले होते. धक्क्याच्या कडेपासून चार हात अलीकडे दगडावर गेरूची एक ठळक रेघ मारलेली होती, पोस्टाच्या काउंटरसारखी सरळ, आणि तिच्या अलीकडे उलट्या क्रेटवर जुई बसली होती. माझी काठी दगडांच्या फटीत रोवलेली. जुईचे दोन्ही हात बुंध्यावर. शेजारी भिंतीला टेकून भाई. टोपी डोळ्यांवर ओढलेली, तोंड अर्धवट उघडं, हात पोटावर.

झोपलेले!

माझ्या सगळ्या मुद्द्यांची एकदम गरज संपली. एवढा एक पुरेसा होता. मी क्रेटच्या मागून निघाले. तेवढ्यात काठीचा शेंडा खाली गेला. वाकला नाही. ती काठी वाकणाऱ्यांतली नव्हती, ती सबंधच्या सबंध पुढे झुकली, फटीतून बुंधा खाडकन वर उसळला आणि पाण्याखालच्या कुणीतरी जोरात हिसका दिला.

लहान मूल काठीला लटकून खाडीत चाललेलं मी किती वेळा पाहिलं होतं, भात उकळताना, फळ्यावर लिहिताना. आता ते खरंच माझ्यासमोर घडणार होतं, आणि ती काठी मीच विकत आणली होती. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. धावले.

जुईने काठी सोडली.

घाबरून नाही, हिसडून नाही. हात उघडले आणि सोडली. मग दोन पावलं मागे गेली, हात पाठीमागे बांधले आणि मान वर करून मोठ्याने म्हणाली, “आजोबा, ओढलं! सोडली!”

काठी दगडांवरून घसरत निघाली, गेरूच्या रेघेपलीकडे, पायऱ्यांवर, टकटकटक. पोरगी सुखरूप उभी होती. मला दिसत होती. तिच्याकडे जायचं सोडून मी काय केलं असेल? माझ्या डोळ्यांपुढून काठीची किंमत सरकली, सगळे आकडे, शेवटच्या शून्यासकट. मी पायऱ्यांवर झेप घेतली आणि बुंधा पकडला.

“सोड गो!” कुणीतरी ओरडलं.

सोडतेय कसली! दोन्ही हातांनी पकडला. खालून हिसका आला, शेवाळावरून पाय गेला, आणि मी, काठी, पर्स आणि पायातली एक चप्पल अशी आमची वरात खाडीत गेली.

नाकातोंडात पाणी गेलं. खारट, कुजकट, गार. फलटणचं सगळं घराणं डोळ्यांपुढून गेलं. मी हातपाय मारत होते, म्हणजे एकच हात, कारण दुसऱ्यात काठी होती. डोकं वर आलं तेव्हा मी किंचाळले, “मला पोहता येत नाही!”

“पोहायला पाणी तरी कुठाय?” जाळंवाला खलाशी वरून ओरडला. “उभ्या राहा, ताई! उभ्या राहा!”

मी उभी राहिले.

पाणी कमरेएवढं होतं. गुडघ्यापर्यंत चिखल. केसांत शेवाळ, आणि हातात बारा फुटी काठी, भाल्यासारखी उभी. तंगूस सैल पडला होता. तांबोशी होती की आणखी कुणी, गळ झटकून निघून गेली होती. खलाशांनी मला बखोटीला धरून वर घेतलं. पर्सही एकाने आकड्याने काढून दिली, आणि मग दोघंही पाठ फिरवून जाळ्यात तोंड घालून बसले. त्यांचे खांदे हलत होते.

जुई रेघेच्या आतच उभी होती. एक पाऊल पुढे आली नव्हती. तिने मला आपादमस्तक बघितलं.

“आई, तू सोडली का नाहीस? मी लग्गेच सोडली.”

भाईंनी खिशातून लिमलेटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली.

“आणि आईला?”

“आईला नाही,” भाई म्हणाले.

“आईला नाही,” जुईने मला समजावून सांगितलं. “ओढलं आणि सोडली तरच मिळते.”

बंदरावरच्या टपरीतून एका खलाशाने चहा आणून दिला. मी गोणपाट अंगावर घेऊन उलट्या क्रेटवर बसले. दात वाजत होते, पण भांडण्यापुरती जीभ चालत होती.

“तुम्ही झोपला होता, भाई.”

“झोपलो नव्हतो. डोळे मिटून बघत होतो.”

“ती पडली असती म्हणजे?”

“पडली कोण?” भाई म्हणाले.

मी चहा प्यायले. जुई रेघेच्या आत एका पायावर उड्या मारत होती, गोळी गालात.

“हे तुम्ही शिकवलंत तिला?”

“दुसरं काही शिकवलंच नाही. गळाला कोळंबी मीच लावतो, मासाही मीच काढतो. तिचं काम एवढंच. मी पलीकडून ओढतो, तिने सोडायची. आधी रोज पाच वेळा करायचो. पाच वेळा झालं की घरी. तुझी काठी आल्यापासून वीस वेळा करतो. पंचवीस. त्यात उशीर होतो.”

“माझ्या काठीचा काय संबंध?”

भाईंनी काठी जवळ ओढली आणि बोटाने तिच्यावरचा चिखल निपटायला लागले.

“माझा थोरला भाऊ होता. वसंता. एकोणीस वर्षांचा. बाबांनी होडीला नांगराचा नवा दोर आणला होता, नायलॉनचा. बंदरात पहिलाच. सगळे बघायला यायचे. त्या दिवशी पाण्याला ओढ होती, दोराचं टोक होडीवरून सुटलं. वसंताने धरलं. मी काठावर होतो, तेरा वर्षांचा. सगळे ओरडत होतो, सोड, सोड. काथ्याचा असता, तर सोडला असता त्याने.”

“मग?”

“मग काय. दोर मिळाला.”

खलाशांची सुई थांबली होती. पुन्हा चालू झाली.

“म्हणून मी कळकाची वापरतो,” भाई म्हणाले. “मासे कुठल्याही काठीला लागतात. तुझ्या या तोफेलाही लागला. काठी बघून घ्यायची ती सोडता येईल अशी. हातातून गेली तर मागे वळून बघावंसं वाटू नये. तू एवढी महाग दिलीस, हौसेने दिलीस. म्हटलं, पोरीच्याही मनात भरेल, आईची काठी, आईची काठी. मग पाच वेळांनी काय व्हायचं?”

मी खाली बघत होते. माझ्या उजव्या तळहातावर काठीच्या पकडीचे वळ उठले होते, लाल, चार बोटांचे चार.

जेटीवरून उतरताना भाईंनी काठी त्या खलाशाला देऊन टाकली. तो “अहो भाई, एवढी भारी,” म्हणत मागे सरत होता. भाई म्हणाले, “घे रे, आमच्या सुनेचा नवस होता.” घरामागच्या बांबूच्या बेटातून त्यांनी संध्याकाळीच एक कळक तोडला. हात-दोन हात लांबीला कमीच, जरासा वाकडाही. जुईने तो हातात घेतला, भाईंनी शेंडा ओढला, तिने सोडला. अंगणात तसाच पडून राहिला. कुणी उचललाही नाही.

मी कपडे बदलून पर्समधलं सामान वाळत घातलं. राजीनाम्याच्या कागदाचा लगदा झाला होता. पण एका ओळीचा तर होता. पुन्हा लिहायला दोन मिनिटंही लागली नसती.

रविवारी मी भाईंना म्हणाले, “उद्या माझा एक जादा तास आहे. घरी यायला साडेसहा होतील.”

“बरं.”

“जुई...”

“माझ्याबरोबर असेल.”

“कुठे?”

भाईंनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. “जेटीवर. दुसरं कुठे?”

टोपी घाला तिला, असं मी म्हणणार होते. पाणी न्या. कडेला जाऊ देऊ नका. डोळे उघडे ठेवून बघा. सगळं जिभेवर रांगेत उभं होतं.

“बरं,” मी म्हणाले.

सोमवारी चार वाजता मी अकरावीला संभाव्यता शिकवत होते. पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, “मॅडम, तुम्ही सारखं घड्याळ का बघताय?” मी म्हटलं, सारखं नाही, सात वेळा. आणि फळ्याकडे वळले.